गजानन सरांचं ‘हूं’

डिसेंबरातल्या त्या सकाळी साडेसहाला गजानन सरांनी मुलांना उठवायला पहिल्या तंबूचा पडदा सारला, तर आत कुणी नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्या-चौथ्यातही नुसत्या सतरंज्या. जालन्याहून शिबिराला आणलेली पाचवीची बावीस मुलं पिंपळगाव रेणुकाईच्या त्या शेतातून नाहीशी झाली होती.

काळजी घेण्यात सरांनी काही कमी केलं नव्हतं. तंबूला आग लागेल म्हणून शेकोटी पेटू दिली नव्हती. विहिरीभोवती दोरी बांधली होती. आठ वाजताच मुलांना झोपवून, स्वतः कानात कापसाचे बोळे कोंबून, वर माकडटोपी चढवून ते आडवे झाले होते.

ते विहिरीकडे धावले. वाकून खाली पाहण्याआधी त्यांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. पाणी स्वच्छ होतं. तुरीच्या शेतात हाका मारून ते परत येतात, तो धुरळा उडवत जीप थांबली आणि मुख्याध्यापिका प्रभावतीबाई उतरल्या. न कळवता पाहणीला आल्या होत्या.

“मुलं कुठायत?”

“प्रातर्विधीला गेलीत.”

“सगळी? एकदम?”

“शिस्त लावलीय, बाई.”

बाई एका उलट्या बादलीवर बसल्या. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

“काल काय खाऊ घातलं होतं तुम्ही त्यांना?”

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सर तोंड उघडणार, तेवढ्यात गावाच्या वाटेनं शेतमालकीण दुर्गाबाई येताना दिसल्या. मागे दोन मुलं. अंगावर कुणाच्या तरी आजीची शाल, डोक्याला चपचपीत तेल, हातात भाकरीचा तुकडा. त्यांच्यामागे आणखी तीन, मग चार. सर पुटपुटत मोजत होते. बावीस झाली तेव्हा ते ढेकळांतच बसले.

“राती लेकरं काकडून राह्यल्ती,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मंग घरोघर नेली दोन-दोन.”

“मला न विचारता?”

“दोनदा इचारलं की. दोन्ही टायमाला तुमी ‘हूं’ म्हणले. आमी म्हणलं, मास्तर बराबर परवानगी देऊन राह्यले.”

प्रभावतीबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी, जरा उशिराच, टोपीत बोटं घालून कापूस काढला.

“म्हणजे मुलं रात्रभर कुठं होती, हे तुम्हाला माहीतच नव्हतं.”

“नव्हतं, बाई. मी... विहिरीतसुद्धा पाहून आलो.”

बाई रागवायला उठल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, “आजही मुलं घरांतच झोपतील. कोण कुठल्या घरी, ते मला लिहून द्या. तुम्ही इथं सामानापाशी थांबा.”

दुर्गाबाईंनी भराभर घरं सांगितली, सरांनी लिहून घेतली. यादी संपत आली तेव्हा काठी टेकत गोजरबाई आली. गावात एकटीच राहणारी म्हातारी.

“राती मला यायला उशीर झाला,” ती बाईंना म्हणाली. “गोधड्या अंथरून ठेवल्त्या, पर माझ्या वाट्याला एकबी लेकरू न्हाई आलं. आज तरी द्या एखादं.”

“मुलं वाटून झाली हो, आजी.”

गोजरबाई हिरमुसून वळली. वळताना तिला थंडीनं दात वाजवत बसलेले गजानन सर दिसले. तिनं त्यांना नीट न्याहाळलं.

“मंग हे देता का?”

प्रभावतीबाईंनी सरांना टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं.

“न्या,” त्या म्हणाल्या. “सामान जीपचा ड्रायव्हर बघेल. पण सकाळी सातला परत आणून सोडा.”