फोटोसाठी सोडलेला खर्रा

देवानंदरावांनी मुलाचा फोटो काढला आणि फोटोत मुलगाच नव्हता. तुरीचं वावर होतं, वर आभाळ होतं, मध्ये विपुलचा निळा शर्ट असावा असा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर भरतासाठी भाजलेलं वांगं ठेवल्यासारखं काहीतरी होतं.

"हे काय बे?" देवानंदराव दचकून म्हणाले. "तुयं तोंड कुठं गेलं?"

"तोंड इथंच हाये, बाबा. तुमी हालले असान."

"मी नाई हाललो. तू हालला. श्वास रोखून उभा राय."

विपुलने श्वास रोखला. इतका रोखला की मानेच्या शिरा फुगल्या आणि डोळे खोबणीतून बाहेर यायला लागले. पण फोटोत शिराही नाहीत आणि डोळेही नाहीत, वांगं तेवढं जास्तच करपलेलं. मग देवानंदरावांनी बांधावर बसलेल्या म्हशीचा फोटो काढला. म्हैस काही हलत नव्हती. तरी तिचाही नुसता काळा ढग आला. फोन पुसला, बंद केला, चालू केला, विपुलने सेटिंगमध्ये जाऊन दिसेल ते बटण दाबलं. ढग कायम.

आता एका फोटोवरून एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्याला वऱ्हाडात लग्नाचा मुलगा नसणार. विपुल तिशी ओलांडून पुढे गेला होता. जमीन ओलिताची, धामणगाव रेल्वेच्या स्टेशनापासून जवळ, पोरगा निर्व्यसनी. पण मुलींच्या बापांची तऱ्हाच न्यारी. घरी शेती पाहिजेच पाहिजे, फक्त मुलाने ती केली नाही पाहिजे! 'नाही' ऐकून ऐकून देवानंदरावांचे कान किटले होते. आणि परवा अकोल्याहून शालिकरामजींचा फोन आला. त्यांच्या मुलीला, आचलला, शेतकरी मुलगा चालत होता. ऐकून देवानंदराव खाटेवरून उठून उभेच राहिले.

"फक्त तो बायोडाट्यातला फोटो नोका धाडू," शालिकरामजी म्हणाले होते. "स्टुडिओवाल्यानं पोरगा पिठात घोयला हाये. आमची पोट्टी हासून राहिली. शेतातला, साधा, आत्ताचा धाडा. रविवारी आमच्याकडं दुसरं स्थय येऊन राहिलं. त्याच्या आधी पाहिजे."

विपुलचा फोन मागच्या महिन्यात फवारणीच्या टाकीत पडून वारला होता. त्याच्या आईकडे, दुर्गाबाईंकडे, बटणांचा. राहता राहिला देवानंदरावांचा हा नवाकोरा, काळाभोर फोन. शेजाऱ्यांचा मागायची सोय नव्हती, कारण स्थळ जमेपर्यंत गावात कोणाला कळू द्यायचं नाही, असा घरात कडक कायदा होता. मागचं वर्ध्याचं स्थळ देवानंदराव पानठेल्यावर बोलले म्हणूनच मोडलं, हे दुर्गाबाई देवाची शपथ घेऊन सांगत. लोक खोडा घालतात, आणि खोडा घातला नाही तरी नजर लावतात.

दुसऱ्या दिवशी विपुलची ओलिताची पाळी होती. म्हणून देवानंदराव एकटेच एसटीने अमरावतीला गेले आणि विचारत विचारत राजापेठेत अमोलच्या मोबाईल दुकानात पोचले. अमोलने फोन उजेडात धरला, मागच्या काचेवर कापसाचा बोळा फिरवला, पुढच्या बाजूनेही फिरवला, आणि तो बोळा देवानंदरावांच्या नाकासमोर आणला. बोळा काळा झाला होता.

"काका, खर्रा खाता काय?"

देवानंदरावांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर गेला. त्या खिशात फोन राहायचा आणि फोनला चिकटून खर्र्याची पुडी.

"तुले कसं मालूम?"

"कायं कायं निंगालं ना! तंबाखू, सुपारीचा चुरा, सारा कॅमेऱ्यावर बसते. मंग फोकस कुठून लागीन? आता एक तं खर्रा ठेवा, नाई तं कॅमेरा."

आणि त्याने दुकानातूनच रस्त्याचा फोटो काढून दाखवला. अहाहा! क्लासेसच्या पाट्या वाचता येत होत्या, समोरच्या स्कूटीचा नंबर वाचता येत होता, स्कूटीवरच्या बाईच्या कपाळावरची आठीसुद्धा मोजता येत होती. देवानंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिसरूड फुटल्यापासून सोबत असलेली पुडी त्यांनी खिशातून काढली, एकदा शेवटची हुंगली आणि दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मुलासाठी बाप काय काय करतो, हे त्या डब्याला काय कळणार!

घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. हकीकत ऐकून दुर्गाबाई ज्या उसळल्या!

"मी गया फाडू फाडू सांगत होती! तुमचा तो खर्रा दात खाऊन बसला, आता पोराचा संसार खाऊन राहिला!"

"सोडला ना आता."

"पायतो किती दिवस सोडता तं."

चूक देवानंदरावांची होती. फोन त्यांनी स्वतः चार्जिंगला लावला. चार्जर घट्ट बसेल असं सॉकेट घरात एकच होतं, देवघराच्या फळीशेजारी. तिथे फोन रोज रात्रभर देवांच्या पायाशी पडून असायचा, आणि दुर्गाबाईंची पहाटेची पूजा आटोपली की देवानंदराव तो उचलायचे.

सकाळी खर्रा नसल्यामुळे त्यांचं डोकं जड झालं होतं, जांभया येत होत्या. तरी बापलेक उत्साहाने वावरात गेले. विपुल तुरीत उभा राहिला. फोटो निघाला. देवानंदरावांनी पाहिला आणि ते मटकन बांधावरच बसले.

वांगं! तेच वांगं! परवाच्यापेक्षा मोठं!

"अरे बापा! खर्रा सोडला, आता काय जीव सोडू काय?"

मागून न्याहारी घेऊन आलेल्या दुर्गाबाईंनी फोटो पाहिला आणि त्यांचा संशय थेट नवऱ्यावर गेला.

"कुठं लपवून ठेवली पुडी?"

"आईची आन, नाई खाल्ला वं!"

"तोंड उघडा. विपुल, पाय बरं त्याईचं तोंड हुंगून."

"माय, मी नाई हुंगत," विपुल मागे सरकला.

"हुंग लेका, हुंग! बापाची इज्जत हाये!" देवानंदराव ओरडले. ओरडताना हातवारे, हातवाऱ्यात फोन, फोनवर अंगठा. आणि अंगठा असा काही पडला की 'टुंग' झालं आणि ते वांगं थेट अकोल्याला गेलं.

तिघेही गार. विपुल धावला. "मिटवा बाबा, मिटवा!" पण देवानंदरावांनी घाईघाईत आपल्याच फोनमधून मिटवायचं बटण दाबलं होतं. त्यामुळे फोटो इथला गेला आणि तिथला राहिला. आता आपण नेमकं काय धाडलं, हेही पुन्हा पाहायची सोय उरली नाही. पाच मिनिटांत शालिकरामजींचा फोन वाजला.

"देवानंदभाऊ, हे काय धाडलं जी? पोराच्या तोंडाले काई झालं काय? भाजलं-बिजलं?"

"नाई नाई, पोरगा ठणठणीत हाये. कॅमेरा बिघडला."

"नवीन फोन हाये म्हणे ना तुमचा? बरं, व्हिडिओ लावतो. पोराले समोर बसवा."

व्हिडिओ लागला. शालिकरामजी तिकडून लख्ख दिसत होते, एका गालात काहीतरी धरलेलं तेही दिसत होतं. इकडून मात्र त्यांना काय दिसत होतं देव जाणे.

"धुकं पडलं काय तुमच्याकडं?"

"ऊन हाये जी चांगलं."

"मंग पोरगा कुठं हाये?"

"हा काय, समोर!" विपुल म्हणाला.

"आवाज येते, माणूस नाई दिसत." शालिकरामजींचा चेहरा घट्ट झाला. "देवानंदभाऊ, मी पोरीचा बाप हाओ. जे असन ते समोरासमोर पाहीन. आमी निंगालोच गाडी घेऊन."

फोन बंद झाला. दुर्गाबाईंनी न्याहारीचं फडकं तोंडावर धरलं. "गेलं! हेबी स्थय गेलं!" मग डोळे पुसून त्या पोहे भिजवायला धावल्या, कारण स्थळ मोडायला येणारे असले तरी पाहुणे ते पाहुणेच.

दुपारी गाडी दारात उभी राहिली. शालिकरामजी उतरले, मागून त्यांच्या बायको कौशल्याबाई आणि आचल. विपुल नवा शर्ट घालून ओसरीत बसला होता. शालिकरामजी नमस्कार-चमत्कार न करता सरळ त्याच्याजवळ गेले.

"मान इकडं कर. आता तिकडं. डोये मीट. उघड. हास बरं."

विपुल हसला. दात पाहून झाले. बैलबाजारातसुद्धा बैलाला जरा मानाने पाहतात, पण देवानंदरावांची बोलायची छाती नव्हती.

"पोरगा तं चांगला हाये," शालिकरामजी बुचकळ्यात पडले. "मंग लपवून काहून राहिले होते?"

"लपवलं नाई जी! कॅमेऱ्यात मायाच खर्रा गेला. पोरासाठी म्हून मी सोडलाबी. तरी सुधरून नाई राहिला!" देवानंदरावांनी खिशातून फोन काढून पुढे केला. "हा पाहा फोन, तुमीच सांगा."

फोन आचलने घेतला. तिने तो उलटा केला, उन्हात तिरपा धरला आणि ओढणीच्या टोकाने मागची काच पुसली. पिवळ्या ओढणीवर काळा पट्टा उमटला. तिने तो हुंगला.

"काका, हा खर्रा नाई. काजय हाये."

काजळ! देवानंदरावांची मान हळूहळू वळत वळत दुर्गाबाईंवर येऊन थांबली. दुर्गाबाई पोह्यांची ताटली हातात धरून उभ्या होत्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "नवी वस्तू हाये. तीट लावली रोज पूजा झाल्यावर. पोराचा फोटो त्याच्यात निंगणार, पोराले नजर लागू नाई म्हून लावली. एक मांगून, एक पुढून."

"रोज?" देवानंदराव किंचाळले. "कॅमेऱ्यावर?"

"कायं कायावर दिसत नाई म्हून तिथं लावली. तीट सांगून लावतेत काय? आन मांगं तीन-तीन टिकल्या हायेत त्याले. एकीवर लावली तं काय झालं? बाकीच्या दोहीनं पाहाव ना त्यानं!"

याचं उत्तर आता फोन बनवणाऱ्या कंपनीनेच द्यावं, अशा नजरेने शालिकरामजी फोनकडे पाहत राहिले. देवानंदरावांनी कपाळावर हात मारला. बायकोच्या तिटीपायी आपण शिव्या खाल्ल्या, तोंड हुंगून घ्यायची पाळी आली, आणि खर्रा सोडला!

आचल मात्र खो खो हसत सुटली. हसत हसतच तिने पुसलेला फोन विपुलसमोर धरला. "हालू नका." विपुलला वाटलं, पुन्हा तेच. त्याने सवयीने श्वास रोखला. फोटो निघाला आणि या हातातून त्या हातात फिरला. फुगलेल्या शिरा, बाहेर आलेले डोळे, दाढीचा एकेक खुंट, सगळं इतकं स्वच्छ की विपुलच घाबरला.

"मी असा दिसतो?"

शालिकरामजींनी एकदा फोटो पाहिला, एकदा मुलाकडे पाहिलं. "देवानंदभाऊ, खरं सांगू काय? हा फोटो काल आला असता ना, तं आमी आलोच नसतो."

"पायलं?" दुर्गाबाई लगेच म्हणाल्या. "लागली का नाई तीट कामी?"

कौशल्याबाईंनी लेकीकडे पाहिलं. आचलने विपुलकडे पाहून हळूच मान हलवली. झालं! दुर्गाबाईंनी ताटली खाली ठेवून देवापुढे साखर ठेवली, आणि विपुलने पुन्हा रोखलेला श्वास तेव्हा कुठे सोडला. देवानंदरावांना रडावं की हसावं कळेना. एवढी वर्षं ज्या होकारासाठी कान आतुरले होते, तो आला तो असा!

"मंग तोंड गोड झालं समजा," शालिकरामजी आता व्याह्याच्या नात्याने सरकून जवळ बसले आणि गालातला गोळा दुसऱ्या गालात घेत त्यांनी खिशातून एक पुडी काढली. "घ्या इवाई. आमच्या अकोल्याचा खर्रा हाये. तुमचा गुन्हा तं नव्हताच ना."

देवानंदरावांनी दुर्गाबाईंकडे पाहिलं. दुर्गाबाई आयुष्यात पहिल्यांदा खर्र्यावर काही बोलल्या नाहीत, त्यांनी नजर तुळशीकडे वळवली. देवानंदरावांचं मन भरून आलं. न्याय मिळाला होता. त्यांनी चिमूट भरली, आ वासला.

"बाबा, इकडं पाहा!"

ती हाक आचलची होती, आणि 'बाबा' तिने देवानंदरावांनाच म्हटलं होतं. त्यांनी तोंड तसंच उघडं ठेवून पाहिलं. फोटो निघाला.

"किती साफ आला पाहा! खर्र्याचा दाणा दाणा दिसून राहिला," आचल फोन नाचवत म्हणाली. "लग्नाच्या अल्बममधी पहिला हाच लावतो. आन दुसरा तुमी खर्रा सोडल्याचा काढू. तो निंगेपर्यंत मी रोज व्हिडिओ लावून तुमचं तोंड पाहात जाईन."

देवानंदरावांनी चिमूट पुडीत परत टाकली, हात धोतराला पुसले, आणि स्वयंपाकघराकडे निघालेल्या बायकोला दबक्या आवाजात हाक मारली.

"विपुलची माय, ते काजयाची डबी आण बरं लवकर."