घुबड कुठल्या खांद्यावर?

दुर्गाबाई जगतापांनी कमरेला पदर खोचला आणि कॉलनीच्या नळावर, भरल्या घागरींच्या साक्षीने जाहीर केलं, "एकदा डोळ्यांखालून गेलं की शिवलं! माझ्या कापडात बोटभर जरी फरक निघाला ना, तर घरचं शिलाई मशीन नेऊन पवनेत बुडवीन!"

आता रागाच्या भरात माणसाने मशीन बुडवायची भाषा करू नये. पण बाईंचा इलाज नव्हता. प्रश्न नवऱ्याच्या इज्जतीचा होता.

नवरा म्हणजे उद्धवराव. चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर कामाला. हाताने कसबी, जिभेने गरीब. कंपनीच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी नाटक व्हायचं आणि उद्धवराव दरवर्षी त्यात असायचे. सहा वर्षांत दोनदा भालदार, एकदा घोडा (तोही मागचा अर्धा!) आणि तीनदा झाड. सहा वर्षांत तोंडी आलेलं वाक्य एकच, "महाराजांचा विजय असो!" आणि तेही चौघांच्या आवाजात मिसळून.

यंदा फोरमन सोपानरावांनी ठरवलं की चाकणच्या तंबूत लागलेला जादूचा सिनेमा जसाच्या तसा स्टेजवर आणायचा. सोपानराव म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक, आणि मुख्य काम कायम त्यांच्याकडेच. त्या सिनेमातला दुष्ट जादूगार सगळ्या पोरांच्या तोंडी झाला होता. अंगात पायघोळ झगा, खांद्यावर घुबड, एका हाताला जमिनीवर लोळणारी बाही आणि दुसरा हात उघडा. त्या लांब बाहीतून तो साप काढायचा, खंजीर काढायचा, एकदा तर आख्खी राजकन्या काढली!

"कपडे पुण्याहून भाड्याने आणू," सोपानराव म्हणाले.

आणि काय संचारलं कोण जाणे, उद्धवराव उठून उभे राहिले. "माझी बायको हुबेहूब शिवेल! फुकट! पण जादूगार मी होणार!"

सोपानरावांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. हुबेहूब असला तर जादूगार तुम्ही. नसला, तर भाड्याचा झगा घालून मी. आणि तुम्ही झाड!"

म्हणून दुर्गाबाई शनिवारी खालच्या मजल्यावरच्या रहिमाबीला घेऊन एसटीने चाकणला निघाल्या. रहिमाबी म्हणजे अन्वर मेकॅनिकची बायको. नजर तीक्ष्ण, जीभ त्याहून.

बाजारतळावर तंबू ठोकलेला. मधोमध पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. सिनेमाचं यंत्र अर्थातच पुरुषांच्या बाजूला, कारण ते चालवणारा ज्योतीराम पुरुष होता. पडद्यावर सुरुवातीची नावं झळकली. शेजारची बाई म्हणाली, "काय बाई ही अक्षरं! उर्दू दिसतंय."

"उर्दू मला येतं," रहिमाबी फणकारली. "हे कानडी असावं."

दुर्गाबाईंना अक्षरांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी पदर हातात घेतला. लांब बाही उजव्या हाताला? पदराच्या उजव्या काठाला गाठ. घुबड उजव्या खांद्यावर? दुसरी गाठ. कमरेचा पट्टा डावीकडे सुटलेला? डाव्या काठाला गाठ. सिनेमा संपला तेव्हा पदराला एकोणीस गाठी होत्या. सिनेमा काळा-पांढरा होता, तरी झगा हिरवाच असणार असं रहिमाबीने छातीठोक सांगितलं. तिच्याकडे हिरवा पडदा शिल्लक होता.

इकडे सोमवारी पहिली पाळी करून उद्धवराव अन्वरबरोबर तोच सिनेमा बघून आले. त्यांनी कपडे पाहिलेच नाहीत, अभिनय पाहिला. डावी बाही कशी झटकायची, उजवा हात तिच्यात कसा घालायचा, डाव्या खांद्यावरच्या घुबडाशी कसं कुजबुजायचं! घरी येऊन आरशासमोर टॉवेल गुंडाळून तालीम सुरू!

झगा शिवून होत आला. घुबडाच्या पोटात कंपनीतलं मशीन पुसायचं कॉटन वेस्ट भरलं. डोळ्यांना उद्धवरावांनी बेअरिंगच्या दोन रिजेक्ट गोळ्या आणल्या, रीतसर गेटपास करून. त्यावर टाइम ऑफिसच्या क्लार्कने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'घुबडाचे डोळे, नग दोन.'

संमेलनाला आठ दिवस उरले तेव्हा उद्धवरावांनी झगा अंगात चढवला. आणि घात झाला!

"अगं, बाही उजवीकडे?"

"मग कुठे असणार?"

"डावीकडे! घुबडसुद्धा डावीकडे!"

"अहो, एकोणीस गाठी मारल्यात मी! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय!"

"मग मी काय शेजाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं?"

साक्षीदार बोलावले. अन्वर म्हणाला, "डावीकडे. अल्लाकसम!" रहिमाबी म्हणाली, "उजवीकडे. त्याच्या कसमेवर जाऊ नका, त्याला घरातला डबा कुठे असतो ते ठाऊक नाही!" मग वरच्या मजल्यावरचे उतरले, समोरच्या चाळीतले आले. झाडून सगळे पुरुष म्हणाले डावीकडे, झाडून सगळ्या बायका म्हणाल्या उजवीकडे! अर्ध्या तासात भांडण घुबडावरून घसरून एकमेकांच्या माहेर-सासरावर गेलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत एकाही माणसाकडे डबा नव्हता. कँटीनचे पोहे सकाळी नऊला संपले. साहेबांना वाटलं संपाची तयारी आहे. त्यांनी युनियनवाल्यांना बोलावून विचारलं, "मागणी काय आहे?" युनियनवाले म्हणाले, "साहेब, घुबड डाव्या खांद्यावर पाहिजे!"

अखेर सोपानरावांनी फर्मान सोडलं. तंबू आता माणच्या जत्रेत गेलाय. सगळ्यांनी जाऊन परत बघा आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावा! कंपनीतल्या विलासच्या मामाचा टेंपो ठरला. जाताना कोणी कोणाशी बोललं नाही. पुरुष मागच्या फाळक्याकडे, बायका केबिनकडे, मधे राखीव जागेसारखं एक स्टेपनीचं चाक.

माणला उतरले. पुरुष गेले पुरुषांच्या बाजूला. बायका गेल्या बायकांच्या बाजूला. सिनेमाभर दोन्हीकडून आरोळ्या, "बघा! बघा आता!"

येताना टेंपोत कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. कारण आता प्रत्येकाने दोनदा बघितलं होतं!

घरी आल्यावर मात्र उद्धवराव भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला उठले नाहीत. दुर्गाबाईंनी दोनदा हाक मारली, तर म्हणाले, "होतोच आहे मी झाड. सवय आहे." ते ऐकून बाईंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. सहा वर्षं हा माणूस भाला नाहीतर फांद्या धरून उभा राहिला, कधी तक्रार केली नाही. आणि आपण एका बाहीसाठी जीव खातोय! आपलंच खरं होतं, यात बाईंना तिळमात्र शंका नव्हती. पण खरं घेऊन काय लोणचं घालायचंय?

दुसऱ्या दिवशी उद्धवराव पाळीला गेल्यावर बाईंनी झगा काढला आणि टाके उसवायला घेतले. बाही डावीकडे. घुबड डावीकडे. पट्टा उजवीकडे. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून शिव्या, अशा थाटात तीन दिवस उलटी शिवण चालली. झगा गाठोड्यात बांधून टाकला. नवऱ्याला एक अक्षर सांगितलं नाही. म्हटलं, स्टेजवर जाताना चेहरा बघू कसा फुलतो ते!

तिकडे उद्धवरावही लेथवर उभे राहून विचार करत होते. एवढ्या हौसेने शिवला बिचारीने. चुकीचा का होईना! मग जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमागे जाऊन त्यांनी सगळा अभिनय उलटा बसवला. बाही उजवी, हात डावा, घुबडाशी कुजबुजायला मान उजवीकडे. तीन दिवसांत मान धरली. घरी एक अक्षर बोलले नाहीत. म्हटलं, स्टेजवरच बघू दे तिला!

संमेलन कंपनीच्या कँटीनच्या हॉलमध्ये. पुढच्या रांगेत साहेब आणि त्यांच्या मॅडम. डावीकडे सगळे कामगार, उजवीकडे बायका. दिव्यांचं आणि लाऊडस्पीकरचं काम सोपानरावांनी तंबूच्या ज्योतीरामला दिलेलं. तालमीत सोपानरावांनी झगा मागितला, तेव्हा नवरा-बायको दोघेही एका सुरात म्हणाले होते, "त्या दिवशीच बघा!" म्हणून ते विंगेत भाड्याचा झगा काखोटीला मारून तयार उभे होते.

उद्धवराव डोळे मिटून बसले होते. दाढीचा डिंक वाळत होता. दुर्गाबाईंनी मागून झगा चढवला. तेवढ्यात संगीत वाजलं. उद्धवरावांनी डोळे उघडले आणि खाली बघितलं.

"डावीकडे?"

"तुमच्यासाठी हो!" बाई लाजल्या. "उसवून परत शिवला."

"अगं बये! मी तुझ्यासाठी सगळं उजवीकडचं पाठ केलं!"

"कोणी सांगितलं होतं?"

"तुला तरी कोणी सांगितलं होतं?"

सोपानरावांनी झगा एकदा खालीवर बघितला. हुबेहूब! त्यांचं तोंड पडलं. त्यांनी उद्धवरावांना स्टेजवर ढकललं.

टाळ्या! काय तो झगा, काय ते घुबड! सहा वर्षांत पहिल्यांदा उद्धवराव एकटे स्टेजवर उभे होते. त्यांनी गर्जना केली, "ये, माझ्या गुलाम सर्पा!" आणि तीन दिवसांच्या सवयीने डावा हात ऐटीत उजव्या बाहीत घातला. उजवी बाही नव्हतीच! हात थेट उघड्या काखेत गेला. त्यांनी तिथे बराच वेळ साप शोधला.

"डावीकडे!" कामगार ओरडले.

"उजवीकडे!" बायका ओरडल्या. त्यांना बाही दिसत होती डावीकडे, पण आता माघार कोण घेतो?

उद्धवराव घुबडाशी कुजबुजायला उजवीकडे वळले. तिथे घुबड नव्हतं. ते शोधायला गर्रकन फिरले, तर लोळणारी बाही दोन पायांत गुंतली. पडले! घुबड उडालं ते थेट मॅडमच्या मांडीवर. त्याचे डोळे मात्र निखळून स्टेजवरच घरंगळले. त्यातल्या एकावर राजपुत्र झालेला विलास घसरला आणि त्याने पडता पडता राजवाड्याचा पडदा धरला. राजवाडा खाली! राजवाड्यामागे सोपानराव. अर्धा झगा अंगात, अर्धा दातांत!

साहेब उठले. त्यांच्या पायाशी चकाकती गोळी आली होती. "हे काय? कंपनीचा माल?"

उद्धवराव बाहीच्या गुंत्यात होते, तरी त्यांनी झग्याखालून गेटपास काढून वर धरला. साहेबांनी मोठ्याने वाचला, "घुबडाचे डोळे, नग दोन." आणि मटकन खाली बसले.

हॉलमध्ये एकच गोंधळ. डावीकडे! उजवीकडे! खुर्च्या उचलल्या गेल्या! शेवटी ज्योतीरामने माईक हातात घेतला.

"अहो भांडताय काय! पडदा एकच असतोय तंबूत! बाप्ये म्होरनं बघत्यात, बाया मागनं बघत्यात! मागनं बघितलं की डावं ते उजवं दिसतंय! एवढंबी कळंना व्हय?"

उचललेल्या खुर्च्या एकेक करून खाली आल्या.

तेवढ्यात रहिमाबी उभी राहिली. "म्हणजे ते कानडी नव्हतं!"

दुर्गाबाई कपाळाला हात लावून बसल्या. जन्मभर बघितलेला प्रत्येक सिनेमा त्यांच्या डोळ्यांपुढून उलटा गेला. मशीन पवनेत बुडवण्याची आठवण कोणीतरी करून दिली. "नदीला पाणी कमी आहे सध्या," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

पुढच्या वर्षी उद्धवराव अर्थातच झाड झाले. सोपानराव म्हणाले, "कपडे वहिनींनीच शिवावेत. झाडाला काही डावं-उजवं नसतं!"

दुर्गाबाईंनी जीव ओतून शिवलं. खरोखर सुरेख झाड! दोन्हीकडे मोजून सारख्या फांद्या, मोजून सारखी पानं, कोणी बोट ठेवून दाखवावं! पडदा उघडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि झाड हळूहळू हललं, हात पुढे करून चाचपडत चाचपडत चालायला लागलं आणि पुढच्या रांगेत साहेबांच्या मांडीवर जाऊन बसलं.

डोळ्यांची भोकं पाठीला ठेवली होती!