गजभिये काकांची मुलाखत

हिंदी मुलखातल्या आमच्या घमापूर मोहल्ल्यात गजभिये काकांच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. पण आमच्या वयाच्या कुणी ते न वाजवता पाय आत टाकला, तर काका त्याला परत बाहेर पाठवत. "आधी दार वाजव. मग विचार, आत येऊ का सर. मग थांब. थांबता येते का तुले?" वाटीभर साखर मागायला आलेल्या पोरीलाही हाच नियम होता.

काका एका सरकारी ऑफिसात चपराशी होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर काढली. नाव पुकारायचं, दार उघडायचं, दार लावायचं. "आत जाणाऱ्याची चाल पाहूनच समजते मले, हा किती मिनिटांत बाहेर येते ते," असं ते म्हणत. रिटायर झाल्यावर त्यांनी मोहल्ल्यातल्या दहावी-बारावीच्या पोरापोरींच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

समोर तीन खुर्च्या, आणि तिन्ही साहेब काकाच. मधल्या खुर्चीवर ते चष्मा लावून हिंदीत दरडावत. डावीकडे सरकले की मान खाली घालून कागद चाळत, आपल्याकडे पाहतच नसत. उजवीकडच्या खुर्चीवर डोळे मिटून बसत आणि आपण जरा रंगात आलो की मध्येच विचारत, "व्हाय?" एवढं इंग्रजी त्यांना पुरत असे.

"खुर्ची ओढू नको, उचल." "छताकडे काहून पाहून राहिली? उत्तर तिथं लिहिलं आहे का?" "नाही येत तर नाही येत म्हण. थापा मारणाऱ्याचा आवाज बंद दारातूनही ऐकू येते."

आम्ही बाहेर येऊन पोट धरून हसायचो. मी आयटीआयतून विजेचं काम शिकले आणि अप्रेंटिसच्या मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा माझं हसणं थांबलं. बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "ह्यात झालं तर ठीक. नाही तर कुंडम गावच्या पाहुण्यांना लग्नाचा होकार कळवतो." कुंडमचा मुलगा मी पाहिलाही नव्हता. आईनं मात्र शेजारी त्याच्या रंगाचं कौतुक सुरू केलं होतं.

मी रोज संध्याकाळी काकांचं दार वाजवू लागले. पाचव्या दिवशी मधल्या साहेबांनी फ्यूजबद्दल विचारलं. येत असूनही मला शब्द सापडेना, आणि मी रडायला लागले. काकांनी चष्मा काढला. "रडून घे. रडणाऱ्याले मी कधी घाई केली नाही," ते म्हणाले आणि खरोखरच भिंतीकडे पाहत बसून राहिले.

मुलाखत काकांच्याच जुन्या ऑफिसात होती. बाबांची ड्यूटी होती, म्हणून काका सवाऱ्यांच्या टेंपोनं सोबत निघाले. फाटकापाशी आले आणि थांबलेच. चेहरा पार उतरलेला, तळहात पुन्हा पुन्हा पायजम्याला पुसत होते.

"चला ना, काका."

"तू जा. मी इथंच आहो."

"तुमचंच तर ऑफिस आहे."

"अर्चना, जा म्हणतो ना."

ते दारापर्यंत येतील, या एका भरवशावर मी तिथवर आले होते. मी एकटीच जिना चढले.

आत तीन साहेब होते. तिघांचे चेहरे वेगवेगळे होते, याचंच मला आधी नवल वाटलं. दोन प्रश्नांची उत्तरं आली, तिसऱ्याचं आलं नाही. नजर छताकडे निघाली होती, ती मी खाली ओढली आणि म्हटलं, "सर, यह मुझे नहीं आता." मधल्यांनी पेन ठेवलं. "लड़की हो, खंभे पर चढ़ोगी?" मी म्हटलं, "सीढ़ी मिलेगी तो चढ़ूँगी, सर." कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं. कुंडम.

निवडीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि कुंडमला नकार कळवला. पण मला जास्त आठवतो तो मुलाखतीच्या दिवशीचा परतीचा टेंपो. काय झालं, हे काकांनी विचारलंच नाही. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही आत का नाही आलात?"

"मलेही एकदा त्या खोलीत बोलावलं होतं. क्लर्कच्या जागेसाठी. मॅट्रिक होतो मी."

"मग?"

"बसलो खुर्चीवर. साहेबांनी नाव विचारलं. रोज मले हाक मारणारे साहेब, पण विचारलं. मी सांगणार, तेवढ्यात त्यांना ठसका लागला. मी उठलो अन् पाणी आणून दिलं."

"मग?"

"मग दाराजवळ उभा राहिलो. सवय. साहेब कागदात पाहत म्हणाले, नेक्स्ट. मी बाहेर आलो अन् पुढच्याचं नाव पुकारलं."

मला हसू येत होतं. त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आलं नाही.

"काकूंना काय सांगितलं?"

"तारीख पुढे गेली म्हटलं. ती अधूनमधून विचारे, नवी तारीख आली का जी? मी म्हणे, येईल. त्या दिवशीचा पांढरा शर्ट तिनं धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवला होता. घडीवर पिवळं पडलं की पुन्हा काढे, पुन्हा धुवे, पुन्हा ठेवे." काका बाहेर पाहू लागले. "गेली तेव्हाही तो तिथंच होता."

आमचा चौक आला आणि मागे गेला. मी टेंपो थांबवायला सांगितलं नाही.