नऊ अनंता, एक चेहरा

"दोनशे बारा फोटोंना एकेक करून नावं द्यायची? बाबा, कुठल्या जमान्यात राहता!"

मिथुनने हे चक्क सासऱ्यांना ऐकवलं. सासरे म्हणजे धर्मराज कोळी, उलव्याजवळच्या खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. आठ दिवसांवर निवडणूक, आणि आज पाचला सभासदांना फोटोसह ओळखपत्रांचं वाटप. जावई कामोठ्याचा, वेबसाइट बनवणारा. त्याने पीएचपीत आठ ओळींचा प्रोग्राम खरडला. यादीतलं नाव उचल, फोटोला दे, पुढचा घे.

फोटो : २१२.

एंटर!

सासऱ्यांचा चहा निवायच्या आत काम खलास. फोल्डर न उघडताच मिथुनने ते यादीसकट पनवेलच्या प्रिंटवाल्याला धाडलं.

पावणेपाचला प्रिंटवाल्या सत्यजीतचा फोन.

"साहेब, सगळी कार्डं रिक्षाने निघालीत. एक विचारू? तुमच्या गावात जुळी फार का हो?"

"जुळी?"

"अनंता कोळी. नऊ जण. नवांचा चेहरा एकच!"

मिथुनचं रक्त ओहोटीला लागलं. त्याने फोल्डर उघडलं.

फोटो : ६४.

आजोबांचं नाव नातवाला ठेवणारं गाव. आडनाव सगळ्यांचं कोळी. दुसऱ्या अनंताचा फोटो पहिल्याच्या नावावर जाऊन बसला, पहिला पुसला गेला. मग तिसऱ्याने दुसऱ्याला पुसलं. प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही!

मूळ फोटो?

मोबाइलमधून उडवले.

का?

जागा नव्हती.

जागा कशाला हवी होती?

ते विचारू नका!

"बाबांना सांग," त्याची बायको रूपा म्हणाली.

"तूच सांग. बाप तुझा आहे!"

"सासरा तुझा आहे!"

तेवढ्यात कार्डांचं खोकं आलं. मिथुन तोंड उघडणार, तोच सासऱ्यांनी झाकण उघडलं. एक अनंता. दुसरा अनंता. तिसरा... पत्ते पिसावेत आणि सगळे गुलामच निघावेत!

"जावई, हो कोन हाय, माईत हाय?"

"अनंता... कोळी."

"कंचा अनंता?"

यादीत शेवटचा, म्हणून टिकलेला. एवढंच मिथुनला ठाऊक होतं.

"माज्या इरोधान उबा हाय तो! नऊ घरान त्याचाच फोटो वाटाचा काय मी?"

वाटप रद्द. पण असल्या बातमीला रिक्षा लागत नाही. दिवेलागणीला तोच अनंता दारात हजर, हातात दोन टपोरी पापलेटं.

"जावयांना द्या. एवरा प्रचार माज्या पोरांनीपन नाय केला!"

रूपाने पापलेटं तळली. सासऱ्यांनी एकट्याने दोन्ही संपवली. मिथुन भात चिवडत मान खाली घालून बसला. शेवटी सासरे हात धुवत म्हणाले,

"रूपा, याला उद्यापासून अनंताचे प्रचाराचे कामाला लाव. मी बिनविरोध येन!"