चार बोटं कमी पडलेली वायर

एका जंगलात वीज पोचली आणि तिच्यामागोमाग कचेरीही पोचली. मग कचेरीनं हुकूम काढला, की आता सगळ्यांनी आपापल्या घरी बसूनच काम करायचं. बसा बाळांनो, गोष्ट छोटी आहे, पण घाईनं ऐकायची नाही.

त्या जंगलात धोंडबा नावाचं साळिंदर राहायचं. पाणवठ्याच्या तक्रारी संगणकावर वाचायच्या आणि त्यांचा निकाल लावायचा, हे त्याचं काम. नोकरी हंगामी. कायम झाली तर बरं, नाहीतर पुन्हा टेकडीवर कंद उकरायला जायचं. आणि धोंडबाचे गुडघे आता टेकडीचं नाव काढलं तरी कुरकुरायचे.

टेबल त्यानं स्वतःच केलं होतं. वादळात पडलेल्या जांभळाची फळी आणि खाली चार ओंडके. डुगडुगू नयेत म्हणून ओंडके जमिनीत हातभर पुरलेले. खाली मात्र वायरींचा हा गुंता! संगणकाची, दिव्याची, पंख्याची, फोनची. त्याची बायको येसूबाई झाडायला वाकली की तिचे काटे त्यात अडकायचे.

"अहो, एक दिवस मीच चालू होईन!" ती म्हणायची.

एकदा शेजारचा ससा धापा टाकत आला.

"धोंडबादादा, मोठे साहेब करकोचेराव तपासणीला निघालेत. वर काहीच बघत नाहीत. लांब मान खाली घालतात नि टेबलाखाली बघतात. वायरी लोंबत होत्या म्हणून मुंगसाला घरी बसवलं!"

"अरे, तो घरीच बसला होता की."

"आता नुसताच बसलाय."

धोंडबाच्या गुडघ्यात कळ आली.

त्यानं आपले गळलेले काटे गोळा केले. फळीखाली ओळीनं ठोकले. एकेक वायर काट्यांमधून वळवून नेली आणि गुळवेलीनं बांधली. काटे कमी पडले, तेव्हा पाठीवरचे उपटले. येसूबाई मागून हळद लावत राहिली.

"एवढं माझ्या फडताळासाठी कधी केलं नाहीत."

"फडताळ बघायला साहेब येत नाहीत, येसू."

तीन दिवस तक्रारी नाहीत, काही नाही, नुसत्या वायरी. शेवटी फळीखाली तेल लावून भांग पाडल्यासारखं दिसायला लागलं. धोंडबानं हसत हसत संगणकाचा प्लग भिंतीकडे नेला.

चार बोटं कमी पडला.

वळणं घेता घेता वायर तेवढी आखडली होती. ओढली, ताणली, गोंजारली. चार बोटं ती चारच बोटं.

"टेबल सरकवा," येसूबाई म्हणाली.

"ओंडके पुरलेत."

"मग एक गाठ सोडा."

"आणि तेवढ्यात साहेब आले तर?"

तेवढ्यात साहेब आलेच. करकोचेरावांनी राम राम केला नाही. थेट मान खाली घातली. खूप वेळ ती वर आली नाही.

"व्वा!" टेबलाखालून आवाज आला. "एकही लोंबत नाही! आणि तीन दिवसांत तक्रारी किती आल्या?"

धोंडबाला खोटं बोलता येत नव्हतं.

"एकही नाही, साहेब."

करकोचेरावांचे डोळे भरून आले. "मुंगसाकडे रोज चाळीस यायच्या! धोंडबा, तुम्ही आजपासून कायम." त्यांनी तिथल्या तिथं सही केली. "चालून घसा सुकलाय. जरा पाणवठ्यावर जाऊन येतो."

साहेब गेले आणि ससा आत घुसला.

"दादा, पाणवठ्यात मगर शिरलीय! सात वेळा तक्रार पाठवली. बघत का नाहीस?"

येसूबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, साहेब तिकडंच गेलेत! पळा, पळा!"

धोंडबानं आधी कागदावर फुंकर घातली. सही वाळली होती. मग तो पळाला. गुडघ्यांना झेपेल तेवढा.

घाबरू नका, साहेब वाचले. शेपटीची पिसं तेवढी गेली. त्याच संध्याकाळी त्यांनी संतापून तीन पानी तक्रार लिहिली आणि पाणवठ्याच्या तक्रारी जिथं पाठवतात, तिथं पाठवून दिली.

तीही आली नाही. धोंडबाच्या कारभारात अजून एकही तक्रार नाही.

तात्पर्य: बाळांनो, टेबलाखाली नेहमी टापटीप ठेवावी. प्लग लागला तर काम होतं, नाही लागला तर नोकरी कायम होते.