मुजरा करणारी जीप

एका जंगलात, बाळांनो, एक जीप होती. जंगलात जीप कशाला, असं विचारायचं नाही. राजाला हवी होती, म्हणून होती.

राजा होता गवा. जीपची मिस्त्री होती चिमाबाई घोरपड. अंग चपटं, त्यामुळे जॅक न लावताच ती गाडीखाली शिरायची. दरबारानं तिला राहायला सरकारी बीळ दिलं होतं, आंब्याच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. त्यात तिची सात अंडी होती.

एकदा प्रधान मुंगूसराव आले.

"चिमाबाई, महाराजांपुढे सगळे वाकतात. ही जीपच तेवढी ताठ. ब्रेक मारला की तिनं नाक खाली घालून मुजरा केला पाहिजे. पुढच्या स्प्रिंगा नरम करा. मागच्या कडक करा, म्हणजे महाराज उंच दिसतील."

चिमाबाईनं गाडीखालून डोकं बाहेर काढलं.

"मुजरा करील हो. पण वळणावर पुढची चाकं रस्ता धरतील नि मागची सोडतील. महाराजांसकट मागचं धूड गरकन बाहेर जाईल. तिथं माझं बीळ आहे, अंडी आहेत."

"बीळ सरकारी आहे," मुंगूसराव ओठ चाटत म्हणाले. "अंडी ही तुमची खासगी बाब."

मिरवणुकीच्या सकाळी चिमाबाईनं गुपचूप पुढच्यामागच्या स्प्रिंगांचा मेळ नीट जमवला. जीप आंब्याचं वळण झोकात घेऊन गेली. काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही, हे कुणाच्या लक्षात येणार? चौकात ब्रेक लागला आणि जीप वाकली नाही, एवढंच सगळ्यांना दिसलं.

"राजद्रोह!" मुंगूसराव ओरडले.

चिमाबाईची नोकरी गेली, बीळही गेलं. एकेक अंडं तोंडात धरून तिनं माळापर्यंत सात खेपा घातल्या. तोंडात अंडं, त्यामुळे बिचारीला धड रडताही येईना.

नवा मिस्त्री आला, प्रधानांचा मेव्हणा. त्यानं हवा तसा मुजरा बसवून दिला. पुढच्या मिरवणुकीत चौकात जीप अशी वाकली, की प्रजेनं टाळ्या वाजवल्या. परतताना आंब्याचं वळण आलं. मागची चाकं सुटली, जीप गरकन फिरली आणि महाराज उडून त्या रिकाम्या बिळात बुडाकडून रुतले.

दोन हत्तींनी ओढून त्यांना बाहेर काढलं. महाराजांनी पहिला प्रश्न विचारला, "जीपनं मुजरा केला होता ना?"

"अगदी लवून, महाराज!"

नव्या मिस्त्रीला पदक मिळालं. वळणावर राजद्रोहाचा खटला भरला, तो अजून चालू आहे.

तात्पर्य : बाळांनो, काम नेहमी चोख करावं. म्हणजे नोकरी वेळेवर जाते आणि लेकरं वाचतात.