झाकलेला चहा आणि वरचा बर्फ

दामूअण्णा कोणत्याही टपरीवर बसले की दोन चहा मागवतात. सोबत कोणी असो वा नसो. एक स्वतः पितात, दुसऱ्यावर बशी झाकतात, आणि तो पुरता निवला की उठून चालू लागतात. कारण विचारल्यास "असूं दे ओ, कोण आला तर?" एवढाच खुलासा मिळतो. रत्नागिरीच्या कचेरीबाहेर चिंचेखाली टेबल मांडून मी अनेक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. माणसांच्या नाना तऱ्हा मी मुद्देसूद कलमांत बसवलेल्या आहेत. हा झाकलेला चहा मात्र कोणत्याही कलमात बसत नव्हता.

दामूअण्णा मूळचे पूर्णगडचे. उभी हयात त्यांनी बंदरावरील एका बर्फाच्या कारखान्यात राखणदार म्हणून काढली. लग्न केले नाही. निवृत्तीनंतरही मालकाने कारखान्यामागची खोली त्यांच्याकडेच राहू दिली, त्यामुळे निवृत्त झाल्याचे त्यांच्या लक्षात आले आहे की नाही, याविषयी मी साशंक आहे. बर्फाविषयी ते घरच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात. लादी फुटली तर "दुखावली" म्हणतात.

अशा गृहस्थाच्या हाती एके दिवशी वडापाव बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा लागला. त्यावर उत्तर ध्रुवाच्या वितळत्या बर्फाचे छायाचित्र होते. ते तडक माझ्याकडे आले, मजकूर वाचून घेतला, आणि म्हणाले, "म्हंजे येवढा मोठा कारखाना, आणि राखणीला कोणच नाय?"

त्या दिवसापासून दामूअण्णांनी उत्तर ध्रुवाचा ताबा घेतला. रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन ते विचारत, "काय वकील, वर काय हाल?" मी वकील नाही, हे मी त्यांना सांगितलेले नाही. ती उपाधी अगदीच अस्थानी आहे असेही मला वाटत नाही. त्यांचे प्रश्न मोठे विलक्षण असत. बर्फ विरघळला की दर्याचे मीठ कमी होते काय? मग मासळीला ते कळते कसे? आणि महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तर कोंबडा आरवतो कधी? भूगोल हा शाळेत माझा विशेष विषय होता, त्यामुळे तिकडे कोंबडा नसतो, हे मी अधिकाराने सांगितले.

"मग माणूस उठतो कसा?"

"घड्याळाने," मी म्हणालो.

"नाय वकील. घड्याळानं माणूस जागा होतो. उठत नाय."

हे उत्तर मी त्या वेळी सोडून दिले, कारण समोर सातबाराचा पक्षकार उभा होता.

पुढे गेल्या कार्तिकात बंदरावर एक सूचना लागली. उत्तरेकडील बर्फ आणि आपल्याकडचा समुद्र व पाऊस यांचा संबंध तपासण्यासाठी काही देशांचे शास्त्रज्ञ एकत्र संशोधन करणार होते. योजना पक्की करण्यापूर्वी किनाऱ्यावरील लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी ते रत्नागिरीत सभा घेणार होते. योजनेचा मराठी मसुदाही सोबत वाटला होता. बंदरावर त्या कागदांत सुकट बांधली गेली. दामूअण्णांनी मात्र आपली प्रत माझ्याकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतली.

ही वार्ता पसरताच त्यांची चेष्टा सुरू झाली. मालतीकाकी म्हणून मासळी विकणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी भर बाजारात सल्ला दिला, "अण्णा, तिकडं अस्वल भेटला तर आधीच सांगा, मी रत्नांग्रीचा. खाल्लास तर पोटात पण बोलत र्‍हाईन." दामूअण्णा हसले, आणि त्याच श्वासात त्यांनी मला विचारले की अस्वल झोपते तेव्हा जोडीने झोपते की एकटे.

सभेत मांडायच्या दामूअण्णांच्या निवेदनाचा मसुदा अर्थातच मी केला. दामूअण्णांचा पहिला आक्षेप राखणीचा होता. आमच्याकडे नव्या जागेत पाय ठेवण्यापूर्वी तेथील राखणदार देवाला नारळ देऊन मान देतात. बर्फाचा कारखानाही दरसाल नारळ दिल्यावाचून सुरू होत नाही. इतक्या देशांनी मिळून आखलेल्या या योजनेत नारळाचा उल्लेखच नव्हता. "जागा ह्यांच्या बापाची काय? तिथल्या धन्याला इचारलान कोणी?" असे ते म्हणाले. मी लिहिले, "सदर हिममय प्रदेशाचे जे कोणी अधिष्ठाते व रहिवासी असतील, त्यांची यथोचित अनुज्ञा घेतल्यावाचून कोणतेही यंत्र रोवण्यात येऊ नये." हे वाक्य माझ्या लेखणीतून उतरलेल्या उत्तम वाक्यांपैकी आहे.

शेवटचा आक्षेप वेगळा होता. मसुद्यात एके ठिकाणी असे होते की, मुख्य तळापासून दूर, बर्फावरच्या खोपीत यंत्रे सांभाळण्यासाठी हिवाळाभर एक निरीक्षक राहील. दामूअण्णांचे म्हणणे, एक नको, दोन हवेत. ही केवळ प्रशासकीय बाब असून तिने निवेदनाचे वजन घटेल, असे मी त्यांना परोपरीने समजावले. ते ऐकेनात. अखेर ते कलम मी तळाशी घातले.

सभेच्या दिवशी दामूअण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. सभागृह भरलेले होते. व्यासपीठावर एक शास्त्रज्ञ बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक उंचेपुरे परदेशी गृहस्थ. वेळ थोडा असल्याने प्रत्येकाने एकच मुद्दा मांडावा, तोच नोंदवला जाईल, असे बाईंनी जाहीर केले. मी दामूअण्णांच्या कानात सांगितले, "राखणीचे वाक्य सांगा." ते उठले. निवेदन माझ्या मांडीवर ठेवून उठले.

"बाई, त्या खोपीत दोन माणसं ठेवा," ते म्हणाले.

बाईंनी सौजन्याने समजावले. खर्च मर्यादित आहे, माणूस प्रशिक्षित असतो, आणि मुख्य तळाशी तो रोज रेडिओवरून बोलतो.

"रेडिओ चहा पितो काय?"

सभागृह हसले. दामूअण्णा हसले नाहीत. हशा ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग आपल्या नेहमीच्या, लादी सरकवावी तशा सावकाश आवाजात बोलले.

"पावसात होड्या बंद, म्हंजे कारखाना बंद. सगळे घरी जातात. राखणीला मी एकटा. दर वर्साला. पयल्यांदा झोप लागत नाय, कारण मशीनचा आवाज नसतो. मंग आपणच बोलायला लागतो. आणि मंग बाई, एक दिवस कोणतरी उत्तर देतं. तेव्हा समजायचं, दुसरा माणूस पायजे. माझ्याकडं दुसरा कोणी पाठवलान नाय. वर तरी पाठवा."

ते खाली बसले. मालतीकाकी पुढच्या रांगेत होत्या. अण्णांना नीट पाहता यावे म्हणून त्या खुर्चीच फिरवून बसल्या.

बाईंनी ते सारे परदेशी गृहस्थांना त्यांच्या भाषेत सांगितले. ते आधी टेबलाकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर केली, दामूअण्णांना गर्दीत शोधून काढले आणि हळू काहीतरी बोलले. बाई सभेकडे वळल्या.

"हे तिथे हिवाळे काढून आलेले आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणतात, त्यांच्याही खोपीत उत्तर यायचं."

त्या गृहस्थांनी आपल्यापुढचा मसुदा ओढला, एका ठिकाणी खोडले आणि वर काही लिहून कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी वाचून दाखवले. निरीक्षक, दोन.

माझे राखणीचे वाक्य नोंदले गेले नाही. दामूअण्णांनी ते नारळासह परदेशी पाहुण्याला द्यायचे ठरवले, आणि नारळ आणायला ते बाहेर पडले. मी मागोमाग गेलो तेव्हा ते टपरीवर बसलेले होते. सवयीप्रमाणे समोर दोन चहा, एकावर बशी. नारळ बाकावर.

तेवढ्यात ते उंच गृहस्थ रस्ता ओलांडून आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी दुभाष्याच्या नात्याने पुढे झालो, परंतु माझ्याकडे कोणी पाहिले नाही. पाहुणे बाकावर टेकले. दामूअण्णांनी कपावरची बशी उचलली आणि चहा त्यांच्यापुढे सरकवला. चहा अजून वाफाळत होता.

"वर आता रात्र लागली असेल," दामूअण्णा मराठीतच म्हणाले. पाहुण्यांनी मान हलवली आणि ते पिऊ लागले.

कप रिकामा झाला तरी बशी दामूअण्णांच्या हातातच होती. ती कुठे ठेवायची, हे त्यांना सुचत नसावे.